पन्नास किलोमीटरनं परत या

"पाना शेवटी. आधी बोटं."

हे वाक्य चाचा दिवसातून किती वेळा म्हणत, ते मी कधी मोजलं नाही. पण चाक बसवताना ते प्रत्येक नट आधी नुसत्या बोटांनी फिरवत आणि फिरवताना डोळे मिटत, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. उकिडवे बसलेले, डावा तळहात टायरवर टेकलेला, उजव्या हाताची तीन बोटं नटावर. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. ओठ मात्र हलत असत. "एक... दो... तीन..." गिऱ्हाइकांशी ते आपल्यासारखंच मराठी बोलत. मोजायचं मात्र घरच्या दखनीत. मला वाटतं, मनापासून मोजायचं असलं की माणूस घरच्याच भाषेत मोजतो.

आठ भरले की डोळे उघडत आणि मगच पान्याला हात घालत.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावाचं माझ्या हातून एकदा नुकसान झालं आहे. तुळजापुरात त्यांना सगळे चाचाच म्हणत, मीही तेच म्हणतो.

त्यांचं टायरचं दुकान सोलापूरच्या अंगाला, घाट लागायच्या थोडं अलीकडं होतं. पत्र्याचं शटर, एक कॉम्प्रेसर, टायर चढवायचं मशीन, बॅलन्सिंगचं मशीन, आणि बसायला एक जुना ट्रकचा टायर. गिऱ्हाइकाच्या टायरवर ते कधी बसत नसत, दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. दर्शन करून परत निघालेल्या गाड्या घाटात उतरण्याआधी तिथं हवा बघायला थांबत.

अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. हवेच्या बंदुकीनं टर्रर्र करून चार नट आवळले, चाकावर एक थाप मारली, चला पुढची गाडी. चाचांकडंही ती बंदूक होती. ते ती फक्त नट काढायला वापरत. "काढायला मशीन चालतंय," म्हणत, "बसवायला माणूस पायजे."

एकदा एक नवं जोडपं देवीला आलं होतं. गाडीला अजून हार लटकत होते. चाक बदलताना चाचांचे डोळे मिटलेले पाहून नवरदेव वैतागला. त्यानं विचारलं, किती वेळ लागेल. चाचांनी मोजणं पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाले, "लग्नाला सात चालत्यात. चाकाला आठ लागत्यात." नवरी इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. नवरदेव हसला नाही, पण नंतर त्यानं घाई केली नाही.

आठच का, असं मी त्यांना विचारलं होतं. नट स्टडवर, म्हणजे चाक धरणाऱ्या त्या खिळ्यासारख्या दांडीवर, किमान आठ फेरे चढला तर आट्यांची पकड पुरी बसते. आमच्या पुस्तकातही जवळजवळ हेच लिहिलं होतं, फक्त मिलिमीटरमध्ये. मी ते सांगितलं तेव्हा चाचा खूष झाले. "म्हंजे पुस्तक लिवणारा कुणाच्या तरी दुकानात बसला असंल," म्हणाले.

चाक बसवून झालं की त्यांचं दुसरं वाक्य यायचं. "पन्नास किलोमीटरनं परत या." नवीन बसवलेलं चाक थोडं पळलं की नट जरासे सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. त्याचं ते काही घेत नसत. परगावची माणसं अर्थातच परत येत नसत. त्यांना ते वाटेत कुठं थांबून नट बघायचे ते सांगत आणि गाडी घाटात दिसेनाशी होईपर्यंत तिकडं पाहत राहत. गावातल्या गाड्या मात्र परत येत. मग चाचा नट पुन्हा आवळत, आणि औषधाच्या जुन्या बाटलीतल्या पिवळ्या रंगात काडी बुडवून नटापासून डिस्कपर्यंत, म्हणजे टायरच्या आतल्या लोखंडी चाकापर्यंत, एक सरळ रेघ मारत. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसणार. ड्रायव्हरनं सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारली तरी पुरे.

ही पिवळी रेघ आमच्या भागात नुसती रेघ राहिली नव्हती. मुलांना शाळेची व्हॅन लावताना आईबाप चाकाकडं बघत. रेघ असली की व्हॅन चाचांकडं जाते, म्हणजे माणूस नीट. सगळ्यात जुने व्हॅनवाले, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते तर गिऱ्हाईक मिळवताना रेघेवरच बोट ठेवत. आसपासच्या गावांतली चौदा-पंधरा मुलं ते रोज शाळेत आणत-नेत.

मी कळंबकडचा. वडील बाजार समितीत पोती उचलतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तुळजापूरजवळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजातल्या मुलांनी एक जुनी छोटी मोटार घेतली. तिला ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार करायचं आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत उतरवायचं, असं ठरलं. अभिजित आमच्या टीमचा कप्तान. सुदर्शन परंड्याचा, गाडी तो चालवणार होता. मला चाकांचं काम मिळालं. खरं सांगायचं तर बाकीची कामं वाटून झाली होती आणि मी काही बोललो नव्हतो.

म्हणून मी चाचांकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ही गाडी जाणार कुठं. मी म्हणालो, कुठंच नाही, ट्रॅकवर गोल फिरणार.

"म्हंजे घाण्याचा बैल," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ते त्याच विचारात होते. वळणं उजवीकडची जास्त का डावीकडची, असं विचारलं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेचा होता, उजवीकडची जास्त. "मग सगळा भार डाव्या चाकांवर," ते म्हणाले. "त्यात बी पुढच्या." नकाशा न बघता, मनातल्या मनात रात्रभर त्यांनी ती गाडी फिरवली असणार. आम्हा तिघांना त्यांनी नावंही दिली. अभिजित कप्तान, सुदर्शन पायलट, मी कळंबकर.

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी तिथं जात होतो. ट्रॅकचे टायर कसे मऊ असतात, गरम झाल्यावर त्यांत हवा किती वाढते, हे मी वाचून सांगायचो आणि ते हातानं तपासायचे. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढून गाडी वळणावर घातली की खडू कुठवर पुसला जातो, त्यावरून टायर किती लवंडतो ते कळतं, हे मात्र त्यांनी शिकवलं. आमच्या डिस्कचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या गोल तुंब्यापेक्षा, मोठं होतं. चाचांनी लेथवाल्याकडून त्या मापाच्या कड्या करून घेतल्या. "चाक नटावर टांगायचं न्हाय, हबवर बसवायचं. नट नुसता राखणदार." हे बोलताना त्यांनी माझा हात धरून ती कडी हबवर ठेवली. ती इतकी बरोबर बसली की काढताना ओढावी लागली.

असंच एकदा त्यांनी मला पिवळ्या रंगाची एक छोटी बाटली भरून दिली. गाडी ट्रॅकवर पळून आली, नट परत आवळले, की तिथं रेघ मारणार कोण? चाचा तर तिथं नसणार. "आवळल्यावर मार. आधी न्हाय," ते म्हणाले. त्यांनी ती बाटली दुसऱ्या कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती. मी ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. घरी आईला दाखवली. तिला त्यात काय विशेष ते कळलं नाही, पण तिनं ती नीट पुसून परत दिली.

मग स्पेसरचा दिवस आला.

आमचे नवे टायर रुंद होते. चाचांनी ते डिस्कवर चढवले, बॅलन्स केले, गाडीला लावून पाहिले. आतल्या बाजूनं टायर सस्पेन्शनला घासत होता. यावर उपाय म्हणून अभिजितनं स्पेसर मागवले. स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती. चाक आणि हब यांच्यामध्ये ती घातली की चाक तेवढं बाहेर येतं आणि घासत नाही.

चाचांनी चकती घातली, चाक चढवलं आणि डोळे मिटले. "एक... दो... तीन... चार... पाच." बोटं थांबली. त्यांनी नट काढला, पुन्हा लावला, पुन्हा मोजलं. पाचच.

"कप्तान, चकती पंधरा मिलीची," ते म्हणाले. "स्टड काय तिच्यासंगं वाढला न्हाय."

अभिजितनं समजावलं की ट्रॅकवर सगळेच स्पेसर लावतात. लावू द्या की, चाचा म्हणाले, त्यांचे स्टड लांब असतील. लांब स्टड मागवा, मी दाबून बसवून देतो. लांब स्टड यायला आठ दिवस लागणार होते. गाडी घेऊन जाणारा टेम्पो चार दिवसांनी निघणार होता. चाचांनी जुनी, बारकी चाकं लावून जायला सांगितलं. गाडी हळू पळेल, पण पळेल. अभिजित म्हणाला, हळूच पळायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं.

"मग कळंबकर, तूच सांग," चाचा माझ्याकडं वळले. "पाच का आठ?"

मी म्हणालो, आठ. एवढंच म्हणालो. अभिजितनं चाकं आणि चकत्या उचलून गाडीत टाकल्या. चाचांनी त्याला अडवलं नाही. फक्त त्यांनी केलेल्या कड्या विसरू नका म्हणून त्या स्वतः आणून दिल्या.

ती चाकं आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बसवली. आम्ही म्हणजे मीच. डोळे मिटून बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळीकडं पाच, एका ठिकाणी पाचाला थोडं कमी. मी अभिजितला सांगितलं. तो म्हणाला, तीन दिवसांचा खेळ आहे, काही होत नाही. मी अजून एकदा सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का, माहीत नाही. मी अजून एकदा सांगितलं नाही.

आणि मग मी जे केलं ते का केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बॅगेतून बाटली काढली आणि सोळाच्या सोळा नटांवर पिवळी रेघ मारली. गाडी अजून एक किलोमीटरही पळली नव्हती. नट परत आवळले नव्हते. मला वाटलं असेल, रेघ असली की चाक राहील. देवाचा अंगारा लावतात तसं. रेघा सुरेख आल्या होत्या. अभिजितनं फोटो काढले.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी, अकराव्या फेरीत, पुढचं डावं चाक निघालं. आवाज फार मोठा नव्हता. एका लांब उजव्या वळणावर गाडी खाली बसली, ठिणग्या उडाल्या आणि ती ट्रॅकच्या कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीवर जाऊन थांबली. चाक एकटंच पुढं पळत गेलं. स्टडवरचे आटे सोलून निघाले होते. सुदर्शनचा डावा पाय घोट्यापाशी मोडला.

त्याला सोलापूरच्या एका दवाखान्यात आणलं तेव्हा त्याला बघायला चाचा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला मी त्यांना पहिल्यांदा पाहिला. पिशवीत मोसंबी होती. ती त्यांनी खाटेवर ठेवली. मग त्यांनी प्लास्टरवर तळहात टेकला, टायरवर टेकतात तसाच, आणि प्लास्टरबाहेर आलेली बोटं हलवायला सांगितली. सुदर्शननं हलवली.

"एक, दो, तीन, चार, पाच," चाचांनी मोजली. "पायलट, हितं पाचच लागत्यात. बरोबर हायत."

सुदर्शन हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसत होता. मग चाचांनी विचारलं, कुठलं चाक. तो म्हणाला, डावं पुढचं. चाचांनी मान हलवली आणि मोसंबी सोलायला घेतली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

कॉलेजात आमच्या सरांनी चौकशी केली. मोठी काही नव्हती. सरांची खोली, अभिजित, मी आणि एक कागद. सरांनी फोटो पाहिले. न निघालेल्या तीन चाकांवर पिवळ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. सर म्हणाले, हे तर चाचांचं काम, माझ्याही गाडीला ते अशीच रेघ मारतात. अभिजित म्हणाला, हो सर, टायर तिथंच बसवले. हे खोटं नव्हतं. टायर डिस्कवर तिथंच चढवले होते. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहत होतो. फरशीच्या एका चौकटीला तडा होता, तो मला अजून आठवतो. घरी वडील सगळ्यांना सांगत होते की पोरगं गाड्या बनवतंय. वर्ष गेलं तर, शिष्यवृत्ती गेली तर, असलं काहीबाही माझ्या डोक्यात चाललं होतं. सरांनी कागदावर लिहिलं, चाकं बाहेरच्या दुकानात बसवली.

त्या कागदानं फार काही झालं नसतं. पण फोटो कुणाकडून तरी व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर गेला. तुटकी गाडी आणि पिवळी रेघ. खाली कुणी काही लिहिलंही नव्हतं म्हणे. लिहायची गरज नव्हती.

मी तीन आठवडे दुकानाकडं फिरकलो नाही. गेलो तेव्हा संध्याकाळची वेळ होती, याच वेळेला एरवी चार-पाच व्हॅन रांगेत असायच्या. एकही नव्हती. चाचा आपल्या ट्रकच्या टायरवर बसून होते. समोर रिकामा जॅक. मामांची व्हॅन समोरूनच गेली. मामांनी हॉर्न वाजवला नाही, मान वळवली नाही. चाचांनी मात्र सवयीनं तिच्या चाकांकडं पाहिलं.

मी उभ्यानंच सांगितलं. चाकं मी बसवली, पाच फेरे होते, रेघ मी मारली. वाक्यं पाठ करून गेलो होतो तरी मधे अडखळलो.

चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला सांगून काय, बाळा. मला तर ठाऊकच व्हतं."

मग त्यांनी सांगितलं की मामांनीच त्यांना फोटो दाखवला होता. तो पाहताच त्यांना कळलं. त्यांची रेघ नटाकडून बाहेर जाते, शेवटाला बारीक होते. माझ्या रेघा बाहेरून नटाकडं आल्या होत्या. मी विचारलं, मग तुम्ही मामांना सांगितलं का नाही.

"काय सांगू? रेघ माझी न्हाय, पर रंग माझाच हाय. म्या दिला." त्यांनी समोरचा जॅक पायानं बाजूला सारला. "कवा मारायची ते सांगितलं. का मारायची ते पुरतं सांगितलं न्हाय तुला."

मला तेव्हा त्यांनी ओरडायला हवं होतं. लोकांसमोर दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी कदाचित तिथंच मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, बाटली हाय का अजून. मी बॅगेतून काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, अर्धी भरलेली होती. उठले, फळीवरच्या बाकीच्या बाटल्यांच्या शेजारी ठेवली, आणि परत येऊन टायरवर बसले. चहा मागवला. पायलटचा पाय कसा आहे ते विचारलं. मी चहा प्यायलो आणि निघालो.

एस.टी.त बसल्यावर मला कळलं, ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगायला हवं होतं. त्यांच्यात मामा होते, सर होते, मुलांना व्हॅनमध्ये बसवणाऱ्या बाया होत्या. मी ठरवलं, उद्याच सांगायचं. मग परीक्षा आली. मग सुट्टी आली. सुट्टीत मी वडिलांबरोबर बाजारात गेलो. पाठीवर पोतं असताना ते मधे थांबून एका माणसाला सांगत होते, हा आपला थोरला, इंजिनेर. त्या दिवशी घरीही काही बोलायचं राहून गेलं.

सुट्टीनंतर आलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, चाचा परंड्याला लेकीकडं गेले. कामच नव्हतं, बसून किती दिवस काढणार. मशीन सोलापूरच्या कुणीतरी नेलं होतं.

तेव्हा मी सरांना लिहून दिलं. दीड पान. सरांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, की प्रकरण मिटलंय, आता उकरून कुणाचं भलं होणार, अभ्यास कर. सर वाईट माणूस नव्हेत. मला तेव्हा हलकं वाटलं, हे लिहायला हवं. वाटलं, आपण सांगितलं, झालं. ते दीड पान सरांच्या खणाबाहेर कधी आलं नाही. आणि मी आणखी कुणाला सांगितलं नाही.

हिवाळ्यात सुदर्शन गावाहून परत आला. तो आता चालतो, पण थंडीत लंगडतो. मेसमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, चाचा गेले. आठ दिवस झाले. परंड्यातच. तो त्यांना दोनदा भेटायला गेला होता. दोन्ही वेळा त्यांनी त्याच्या पायाची बोटं मोजली होती.

"तुझं बी विचारत होते," सुदर्शन म्हणाला. "कळंबकर मोजतो का अजून, म्हणाले."

त्यानं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी तुळजापुरात त्या रस्त्यानं चालत होतो. शटर बंदच होतं. त्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. समोर चहाच्या गाड्याजवळ मामांची व्हॅन उभी होती. मुलांना सोडून ते घाटाखालच्या गावाकडं रिकामे निघाले होते. माझं लक्ष सवयीनं चाकांकडं गेलं. तीन चाकं दुसऱ्या कुणीतरी काढून बसवलेली. मागचं उजवं मात्र चाचांनी बसवलं तेव्हापासून तसंच होतं. त्यावर पिवळ्या रेघा होत्या, मळलेल्या, नटाकडून बाहेर जाणाऱ्या, शेवटाला बारीक. चारांतली एक रेघ तुटली होती. नट नखभर सरकला होता.

मी मामांना दाखवलं. त्यांनी सीटखालचा पाना काढून दिला. मी खाली बसलो. आधी बोटांनी बघितलं. मग पाना लावला आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांना भिडेपर्यंत आवळला. बाकीचे तीनही तपासले. पुन्हा रंग लावायला माझ्याकडं बाटली नव्हती.

"चाचांच्या हाताखाली व्हतास का?" मामांनी विचारलं.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. ती कॉलेजची गाडी, ती चाकं, त्या रेघा. चाचांनी चाकं बसवायला नकार दिला होता. रेघ मी मारली होती. या वेळी मी अडखळलो नाही. मामांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते एकदा माझ्याकडं, एकदा चाकाकडं बघत होते. मला वाटतं, त्यांना तो फोटो आठवत असावा, आणि तो चाचांसमोर धरल्याचा दिवस. मग त्यांनी चहा जमिनीवर ओतून दिला.

"हे तवा बोलायचं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय, मामा."

मामांनी पाना सीटखाली टाकला, आत बसले, व्हॅन चालू केली. ती हलली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, मी ठरवून बोललो नव्हतो.

"मामा, पन्नास किलोमीटरनं परत या."

मामांनी ब्रेक दाबला. खिडकीतून त्यांनी बंद शटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुठं?" ते म्हणाले.